टायपिंगचे पैसे संपले, आता पानाच्या नंबराचे घ्या



डीटीपी सेंटरवरच्या व्हिडिओत वेळेअभावी एक मुद्दा राहून गेला, तो इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल, हा लेख स्वतंत्रपणे समजेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. आजच्या घडीला "पानाला इतके रुपये" या हिशोबावर मराठी टायपिंगचा धंदा सुरू करणं म्हणजे बुडत्या होडीला रंग देणं आहे. पण त्याच टेबलावर, त्याच कॉम्प्युटरवर दुसरा एक धंदा उभा आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पुस्तकाचं, प्रबंधाचं, अहवालाचं शीर्षक, पानाच्या माथ्यावरचं हेडर आणि पानाचा नंबर चोख लावून देण्याचा धंदा. हसू नका. पानाचा नंबर ही काय विकायची गोष्ट आहे, असं वाटत असेल तर प्रबंध सादर करायच्या आदल्या रात्री एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याशेजारी बसून बघा.

ग्राहक आता कागद घेऊन टाईप करायला येतच नाही. तो मोबाईलशी बोलतो आणि मोबाईल टाईप करतो. जुनं छापील पान असेल तर त्याचा फोटो काढून अक्षरं उचलणारी ॲप्स आहेत. चुका असतात, ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागलेली असते, पण मजकूर तयार असतो. तो व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली एक ओळ असते: "सर, हे जरा नीट लावून द्या ना." त्या "नीट लावून द्या"मध्ये सगळा धंदा आहे, आणि आपण ते काम टायपिंगवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखं देऊन टाकतो.

पैसा गळतो कुठे?

समजा तुम्ही १८० पानांचा प्रबंध घेतला, पानाला २० रुपये. ३६०० रुपये झाले. काम चार दिवसांत संपलं, पीडीएफ पाठवली. आठव्या दिवशी फोन येतो. गाईड म्हणतात, दुसऱ्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढवा. "दोनच परिच्छेद आहेत, पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं नसतं ते. दोन परिच्छेद वाढले की त्या प्रकरणाचं एक पान वाढतं. मग तिसरं प्रकरण पान ६१ ऐवजी ६२ वर जातं. अनुक्रमणिका हातानं टाईप केलेली असते, त्यातले ४०–५० आकडे एकेक करून बदलायचे. "पाहा, पान ८४" असे मजकुरात पेरलेले उल्लेख शोधायचे. आकृती ३.२ च्या आधी नवी आकृती आली असेल तर तिच्या पुढच्या सगळ्या आकृत्यांचे नंबर. आणि पानाच्या तळाशी अडकलेलं एखादं उपशीर्षक, ज्याचा मजकूर पुढच्या पानावर गेलाय, ते एंटर मारून खाली ढकलायचं. ढकललं की पुढचं पुन्हा हललं.

असे पाच फेरे होतात. प्रत्येक फेरीला तीन तास धरा. हे १५ तास कुठल्याही बिलात नसतात. शिवाय सहाव्या फेरीत चूक राहिली तर बदनामी तुमची, गाईडची नाही. म्हणजे ३६०० रुपयांच्या कामात तुम्ही ज्याचे पैसे घेतले ते काम मोबाईल फुकट करतो, आणि जे काम कुणालाच धड येत नाही ते तुम्ही फुकट केलंत.

जाड केलं म्हणजे शीर्षक झालं का?

या सगळ्याचं मूळ एका सवयीत आहे. आपल्याकडे शीर्षक "करायचं" म्हणजे काय करतात? ओळ निवडायची, बोल्ड, साईज १८, सेंटर. डोळ्याला ते शीर्षक दिसतं. कॉम्प्युटरच्या लेखी ती फक्त एक जाडी, मोठी, मधोमध बसलेली ओळ असते. हे प्रकरणाचं नाव आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मग तो अनुक्रमणिका कुठून काढणार? हेडरमध्ये काय टाकणार?

म्हणून पहिला नियम: ओळ कशी दिसते हे नंतर, ओळ काय आहे हे आधी सांगा. वर्डमध्ये यासाठी स्टाइल्स आहेत: हेडिंग १, हेडिंग २. वरच्या पट्टीत समोरच असतात. वर्षानुवर्षं वर्डवर काम करणाऱ्या अनेकांनी त्यांना हात लावलेला नसतो, कारण शिकवणाऱ्यानं बोल्डचं बटण आधी दाखवलं. हेडिंग १ लावलं की अनुक्रमणिका आपोआप निघते, मजकूर बदलला की एफ-९ दाबून ताजी होते.

पण हा लेख खरं तर मी लाटेकसाठी लिहितोय. रबराचं लॅटेक्स नव्हे, ही अक्षरजुळणीची प्रणाली आहे, फुकट आहे, आणि आपल्या धंद्याच्या दृष्टीनं तिच्यात एक मोठी गोष्ट आहे. तिच्यात कामाची रीतच "ओळ काय आहे" हे आधी सांगण्याची आहे. तुम्ही मजकूर साध्या अक्षरांत लिहिता, प्रकरण सुरू झालं की चॅप्टर हा आदेश देऊन महिरपी कंसात नाव लिहिता, विभागाला सेक्शन. किती मोठं, किती जाड, वर किती जागा, हे सगळं फाईलच्या सुरुवातीला एकदाच ठरतं. आदेशांची नेमकी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दाखवली आहेत, इथे फक्त नावं घेतो.

तिचा इतिहास दोन ओळींत सांगतो, कारण तो आपल्यासारख्यांना आवडेल. डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले कॉम्प्युटर शास्त्राचे प्राध्यापक. १९७७ साली त्यांच्या गाजलेल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली. खिळ्यांची जुनी जुळणी जाऊन फोटोवर चालणारी जुळणी आली होती, आणि ती पानं त्यांना इतकी वाईट दिसली की त्यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिचं नाव टेक. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं काम दहा-एक वर्षं चाललं (आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या अंदाजांसारखंच). पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर सोप्या आदेशांचा थर चढवला, तो लाटेक. आज जगभर गणिताचे, भौतिकशास्त्राचे शोधनिबंध यातच जुळवले जातात. मराठीत मात्र डीटीपी सेंटरच्या पाटीवर हे नाव मी अजून बघितलेलं नाही. जागा रिकामी आहे म्हणतो ती ही.

देवनागरीचं गणित वेगळं आहे

इथे जरा सावकाश वाचा, कारण नुसता इंग्रजी धडा बघून मराठी काम घेतलंत तर याच ठिकाणी अडकाल.

इंग्रजीत शीर्षक उठून दिसावं म्हणून तीन हत्यारं असतात: जाड अक्षर, तिरकं अक्षर आणि कॅपिटल. देवनागरीत कॅपिटल नाही. तिरकं अक्षर म्हणाल तर बहुतेक देवनागरी फॉन्टांना तो नमुनाच नसतो. वर्ड मग सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो आणि शिरोरेषेसकट शब्द पडत आल्यासारखे दिसतात. लाटेक इशारा देतो की असा नमुना सापडला नाही, आणि सरळ अक्षर वापरतो. मला विचाराल तर लाटेकचं वागणं जास्त सभ्य आहे. म्हणजे मराठी शीर्षकासाठी तुमच्या हातात उरतं काय? आकार, जाडी आणि मोकळी जागा. यातली मोकळी जागा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाते. प्रकरणाच्या नावावर पानाचा पाव भाग मोकळा सोडा, नाव थोडंच मोठं ठेवा, आणि बघा कसं भारदस्त दिसतं. ग्राहक म्हणेल, "सर, वर फार जागा वाया गेली." त्याला कुठल्याही चांगल्या प्रकाशकाचं पुस्तक उघडून दाखवा.

शीर्षकांचं रूप बदलायला लाटेकमध्ये टायटलसेक नावाचं पॅकेज आहे. प्रकरणाचा नंबर वर, नाव खाली, मध्ये बारीक रेघ, काय हवं ते एकदा सांगायचं. "प्रकरण" लिहायचं की "अध्याय", तेही एका ठिकाणी बदलतं. मग पाच प्रकरणं असोत की पंचवीस, सगळी एकसारखी. हातानं केलेल्या फाईलमध्ये तिसऱ्या प्रकरणाचं नाव १८ आकाराचं आणि चौथ्याचं २० चं, हे हमखास सापडतं. ग्राहकाला नेमकं कुठे बिनसलंय ते सांगता येत नाही, पण "काहीतरी लोकल वाटतंय" एवढं कळतं.

मुखपृष्ठाबद्दल थोडंच. लाटेकमध्ये नाव, लेखक, तारीख दिली की शीर्षक तयार करणारा आदेश आहे, पण आपल्या विद्यापीठांना चालेल असं पान त्यातून निघत नाही. विद्याशाखा, मार्गदर्शक, संशोधन केंद्र, महिना-वर्ष असं सगळं ठरलेल्या क्रमानं लागतं. तेव्हा टायटलपेजचं पान मोकळं घेऊन स्वतः रचा, आणि त्या विद्यापीठाचा साचा म्हणून जपून ठेवा. पुढच्या ग्राहकाला तो पाच मिनिटांत होतो. एक गोष्ट पाळा: लांब नाव तोडताना अर्थावर तोडा. "ग्रामीण महिला बचत" एका ओळीत आणि "गटांचा अभ्यास" दुसऱ्या ओळीत, असं करू नका. बचत गट हा एक शब्दसमूह आहे, तो फोडायचा नाही. कॉम्प्युटरला हे कळत नाही, म्हणून तर तुम्हाला पैसे मिळणार आहेत.

आता हेडर. हेडरचं काम काय? २०० पानांचं पुस्तक मधूनच उघडलं तर आपण कुठे आहोत हे कळावं. डाव्या पानावर पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव, उजव्या पानावर विभागाचं. लाटेकमध्ये यासाठी फॅन्सी-एचडीआर हे पॅकेज वापरतात, पीट व्हॅन ओस्ट्रम यांनी केलेलं. त्याची मूळ पद्धत इंग्रजी आहे, म्हणजे हेडर कॅपिटलमध्ये आणि तिरकं. देवनागरीवर कॅपिटलचा काहीच परिणाम होत नाही, तिरकं मिळत नाही, म्हणून मराठी हेडर आणि खालचा मजकूर सारखेच दिसू लागतात. उपाय सोपा आहे: हेडर एक पायरी लहान आकारात घ्या आणि खाली केसासारखी रेघ ठेवा.

दुसरी अडचण उंचीची. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरं. इंग्रजीसाठी राखलेली हेडरची जागा पुरत नाही आणि पॅकेज इशारा देतं की हेडची उंची कमी पडतेय. पुष्कळ जण हा इशारा वाचतच नाहीत, पिवळा आहे ना, लाल नाही, चालतंय. पण किती उंची हवी तो आकडाही त्याच इशाऱ्यात दिलेला असतो. तो उचलायचा आणि वर घालायचा, संपलं काम.

तिसरी अडचण आपल्या प्रबंधांच्या नावांची. "महाराष्ट्रातील निवडक जिल्ह्यांमधील दुग्धव्यवसाय करणाऱ्या महिलांच्या आर्थिक स्थितीचे विश्लेषण" हे प्रकरणाचं नाव हेडरच्या एका ओळीत कसं मावणार? चॅप्टर आदेशाला चौकोनी कंसात छोटं नाव देता येतं, "आर्थिक स्थितीचे विश्लेषण" एवढंच. मात्र सावध: ते छोटं नाव अनुक्रमणिकेतही जातं. अनुक्रमणिकेत पूर्ण नाव हवं असेल, आणि प्रबंधात ते हवंच असतं, तर हेडरची खूण वेगळ्या आदेशानं द्यावी लागते. चॅप्टरमार्क म्हणतात त्याला. एवढी एक गोष्ट माहीत असली तरी तुम्ही गल्लीतल्या चार सेंटरांच्या पुढे आहात.

आणि जिथे बहुतेक जण पकडले जातात ती जागा: संदर्भसूची, परिशिष्टं, समारोप. यांना प्रकरणाचा नंबर नको असतो, म्हणून तारांकित चॅप्टर वापरतात. तारा लावला की नंबर जातो, पण नाव अनुक्रमणिकेतही येत नाही आणि हेडरही बदलत नाही. मग संदर्भसूचीच्या १२ पानांवर "प्रकरण पाचवे" झळकत राहतं. वर्डमध्ये हाच घोळ "लिंक टू प्रीव्हियस" चालू राहिल्यामुळे होतो. व्हायवाला बसलेले परीक्षक संदर्भसूची आधी उघडतात, आपलं पुस्तक त्यात आहे का ते बघायला. नेमकं तिथेच चुकीचं हेडर.

आता नंबर

पानाचा नंबर वाटतो तितका साधा नाही. मुखपृष्ठावर नंबर छापायचा नसतो, पण ते पान मोजायचं असतं. त्यानंतर प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका ही पानं वेगळ्या मोजणीत असतात, आणि पहिल्या प्रकरणापासून पुन्हा १ सुरू होतो. इंग्रजीत सुरुवातीच्या पानांना छोटे रोमन आकडे देतात. मराठी पुस्तकांची स्वतःची रीत आहे. घरातलं एखादं जुनं समीक्षेचं किंवा इतिहासाचं पुस्तक काढा, प्रस्तावनेच्या पानांवर नंबर अक्षरी दिसेल: एक, दोन, तीन… सात, आठ. किती देखणी रीत आहे. वर्डमध्ये हे साधायला खटपट पडते. लाटेकमध्ये वीस-पंचवीस शब्दांची यादी एकदा लिहून ठेवली की झालं, पुढच्या प्रत्येक पुस्तकाला ती लागू पडते. एखाद्या लेखकाला त्याच्या पहिल्या पुस्तकात प्रस्तावनेवर "सात" असा नंबर छापून दाखवा, तो दुसरीकडे जाणार नाही. विद्यापीठाच्या नियमात रोमन म्हटलं असेल तर अर्थातच रोमन. नियमपत्रिका आधी मागून घ्या, वादाला जागा नको.

लाटेकच्या बुक साच्यात फ्रंटमॅटर आणि मेनमॅटर असे दोन आदेश आहेत. पहिल्यानं रोमन मोजणी सुरू होते, दुसऱ्यानं साधी मोजणी १ पासून. मुख्य मजकुराचे आकडे देवनागरीत हवे असतील तर भाषेची मांडणी करतानाच तसं सांगता येतं. निदान एक ठरवा: पानावर ४५ देवनागरीत आणि अनुक्रमणिकेत तोच आकडा इंग्रजीत, असं व्हायला नको.

बुक साचा दोन्ही बाजूंनी छापायचं पुस्तक गृहीत धरतो. विषम नंबर नेहमी उजव्या पानावर, प्रकरण नेहमी उजव्या पानावर सुरू. त्यामुळे मध्ये कोरी पानं येतात आणि ग्राहकाचा फोन येतो, "सर, पान ३८ कोरं आलंय, पैसे कापा." त्याला समजावून सांगा. एका बाजूनंच छापायचं असेल तर वनसाइड सांगा, उजव्या पानाचा आग्रह नको असेल तर ओपनएनी. पण कोरं पान ठेवणार असाल तर ते खरंच कोरं ठेवा. त्यावर हेडर आणि नंबर तसेच राहतात, ते पुसायला एम्प्टीपेज हे छोटं पॅकेज आहे. प्रकरणाच्या पहिल्या पानावर हेडर नसतं आणि नंबर तळाला मधोमध असतो, हेही मुद्दाम आहे, चूक नव्हे.

बाइंडिंगची बाजू विसरू नका. बऱ्याच ठिकाणी डावीकडे दीड इंच समास मागतात. तो एका बाजूच्या छपाईसाठी ठीक. दोन्ही बाजूंनी छापताना मागच्या पानाचा बाइंडिंगचा समास उजवीकडे यायला हवा, नाहीतर अर्धी पानं शिवणीत अडकतात आणि कोपऱ्यातला नंबर दोऱ्याखाली जातो.

लाटेक पहिल्यांदा चालवला की अनुक्रमणिका रिकामी किंवा जुनी येते. घाबरू नका. पहिल्या फेरीत तो कुठलं शीर्षक कुठल्या पानावर पडलं ते टिपून ठेवतो, दुसऱ्या फेरीत ते आकडे वापरतो. म्हणून शेवटची पीडीएफ देण्याआधी दोनदा चालवायचं, मी तर तीनदा म्हणतो.

"पान ३ पैकी १२" अशा पद्धतीचा नंबरही शिकून घ्या, लास्टपेज पॅकेजनं येतो. प्रबंधाला तो नको, पण कोटेशन, करारपत्र, टेंडरची कागदपत्रं, बँकेला द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट यांना हवाच. १२ पानी कोटेशनमधलं अटींचं पान गळालं किंवा बदललं गेलं, तर पुढे भांडण कशाच्या आधारावर करणार? "पैकी १२" लिहिलेलं असेल तर अकरा पानांचा गठ्ठा लगेच उघडा पडतो. अनेक टेंडरमध्ये प्रत्येक पानावर नंबर आणि सही लागते, ती याचसाठी. तुमच्या गावातल्या कंत्राटदारांना ही सेवा विका, ते प्रबंधवाल्यांपेक्षा लवकर पैसे देतात.

शोधगंगेचंही माहीत असू द्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा प्रबंधांचा ऑनलाईन संग्रह आहे, तिथे प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये चढवतात. लोक काय करतात, प्रत्येक प्रकरण वेगळ्या वर्ड फाईलमध्ये टाईप करतात आणि प्रत्येक फाईल पान १ पासून सुरू होते. मग छापील प्रतीत तिसरं प्रकरण ६२ वर आणि ऑनलाईन १ वर. तुम्ही उलट करा: एकच पूर्ण पीडीएफ बनवा आणि शेवटी तिचे प्रकरणवार तुकडे करा. नंबर आपोआप जुळतात.

मग भाव काय लावायचा?

पानावर लावू नका, एवढं नक्की. कामाचे तीन भाग करा. साचा बसवणं, मजकूर आत घेऊन शीर्षकांच्या खुणा करणं, आणि दुरुस्तीचे ठरलेले फेरे. कोटेशनमध्ये लिहा: तीन फेरे यात धरले आहेत, चौथ्यापासून फेरीमागे इतके. लाटेकमध्ये काम असेल तर ते दोन परिच्छेद खरोखर पाच मिनिटांत घालून होतात. ग्राहकाला मात्र तीन तासांच्या कामाची किंमत माहीत असते, कारण आधीच्या सेंटरवर तो तिष्ठत बसलेला असतो. यात फसवणूक काही नाही. त्याला हवी असते ती खात्री, की एक पान हललं तरी दुसरं काही बिघडणार नाही.

आता विरुद्ध बाजूही ऐका. एका ठिकाणी प्रशिक्षणाला गेलो होतो तिथल्या सेंटर चालवणाऱ्या ताईंनी मला सरळ विचारलं, "दादा, गाईडला तर वर्डच लागतं, तुमचं हे घेऊन मी काय करू?" बरोबर आहे त्यांचं. गाईड वर्डच्या फाईलवर लाल रंगात शेरे मारून पाठवतात, त्यांना लाटेकची फाईल देऊन उपयोग नाही. अशा ग्राहकाला लाटेक देण्याचा हट्ट मी करणार नाही. त्याला वर्डच द्या, पण स्टाइल्स लावून द्या, सेक्शन ब्रेक नीट घालून द्या, हेडरमध्ये स्टाइलरेफ टाकून द्या, म्हणजे प्रकरणाचं नाव तिथेही आपोआप उमटतं. शीर्षकांची शिस्त तीच, अवजार वेगळं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, हॅंडबिल यांनाही लाटेक नको, तिथे डिझाईनचं सॉफ्टवेअरच हवं. लाटेक घ्यायचा तो लांब, नंबरांनी भरलेल्या, पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या कामाला: गणित-विज्ञानाची पुस्तकं, प्रश्नसंच, प्रबंध, संस्थांचे वार्षिक अहवाल. कोचिंग क्लासवाल्यांचे प्रश्नसंच तर दरवर्षी बदलतात, म्हणजे ग्राहक दरवर्षी परत येतो.

जुन्या फॉन्टांचा प्रश्न उरतोच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आला तर तो आधी युनिकोडमध्ये आणून घ्या, त्याचे पैसे वेगळे, आणि बदललेला मजकूर वाचून बघा. रफार आणि पोटफोड्या ष हमखास इकडेतिकडे होतात. फॉन्टसाठी खर्च करायची गरज नाही. एक टाईपचा मुक्ता शीर्षकांना छान दिसतो, मजकुराला नोटो सेरिफ देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी घ्या, तिन्ही मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरायला मुभा आहे.

पुढच्या व्हिडिओत आपण २० पानांची एक पुस्तिका पहिल्यापासून जुळवणार आहोत. त्याआधी एवढं करून ठेवा. ओव्हरलीफवर मोफत खातं उघडा, ते ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मोफत खात्यात फाईल चालवायला वेळेची मर्यादा असते, म्हणून मोठी कामं पुढे स्वतःच्या कॉम्प्युटरवर टेक लाइव्ह किंवा मिकटेक टाकून करायची, पण शिकायला हे पुरेसं आहे. खातं उघडल्यावर कंपायलर बदला. तिथे आधीपासून पीडीएफलाटेक निवडलेला असतो, त्यात आपला युनिकोड मराठी मजकूर टाकलात तर एररच्या लाल ओळींची रांग लागते. झीलाटेक निवडा. आणि जुळवायला स्वतःचाच मजकूर घ्या, आजीच्या पाककृती असोत की तुमच्या धंद्याची माहिती, किमान तीन प्रकरणं पडतील एवढा.